पोटातील काम अद्याप झालेले नसल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग, मुख्य कार्यालय,
दुसरा मजला, जिना चढून उजवीकडे.
(डावीकडे तांत्रिक शाखा आहे. हा अर्ज कृपया तिकडे देऊ नये.)

अर्जदार: व्हॉल्व्ह ऑपरेटर, उंच टाकी केंद्र. लोक चावीवाला म्हणतात.
सध्याचा मुक्काम: कर्मचारी रुग्णालय, खोली क्रमांक नऊ, खिडकीजवळची खाट.
लेखन: अर्जदाराची पत्नी. (अर्जदाराच्या उजव्या हातात सलाइनची सुई असल्यामुळे.)

विषय: फाइल क्रमांक ४१७ मधील 'पूर्ण झालेले' काम माझ्या पोटात झालेले नसून रस्त्यात झाले आहे, असा दाखला बुधवारी सायंकाळी पाचपूर्वी मिळण्याबाबत.

संदर्भ: १) माझा मूळ अर्ज, ज्यात सर्व चूक माझी आहे.
२) तांत्रिक शाखेची तीन पत्रे व त्यांना मी दिलेली तीन उत्तरे.
३) काम पूर्ण झाल्याचे पत्र, ज्यावर दुर्दैवाने माझीच सही आहे.

महोदय,

अर्ज करण्यास कारण की, मी अजून दुरुस्त झालेलो नाही.

आपल्या विभागाच्या कागदोपत्री मी दुरुस्त झालो आहे, माझी दाबचाचणी झाली आहे आणि माझ्यातून कोठेही गळती नाही. एरवी हे वाचून मला आनंदच झाला असता. परंतु या कागदामुळे रुग्णालयाने येत्या गुरुवारच्या शस्त्रक्रियेच्या यादीतून माझे नाव खोडले आहे. गुरुवार हुकला तर सर्जनबाई चार महिन्यांच्या प्रशिक्षणाला परगावी जाणार आहेत, आणि माझ्या अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा चार महिने दम धरतील याची हमी कोणीच देत नाही. दोनदा त्या फुटल्या आहेत. तिसऱ्यांदा फुटल्या तर मला पुढील अर्ज करता येईलच असे नाही. म्हणून हा अर्ज थोडा लांबला तरी शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

१. प्रथम आजाराबद्दल. पंचवीस वर्षांपूर्वी मला कावीळ झाली होती. ती गेली असे मी समजलो, ती मात्र गेली नव्हती, आत गुपचूप बसून होती. तिने माझे लिव्हर हळूहळू निबर केले. याला सिरोसिस म्हणतात. हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस लगेच अंगठा तोंडाकडे नेऊन बाटलीची खूण करतो आणि डोळे मिचकावतो. तरी येथे नमूद करतो की, मी जन्मात दारूला शिवलेलो नाही. एकतीस वर्षे पाण्याच्या खात्यात नोकरी केली आणि पाणीच प्यायलो.

(लेखनिकेचा शेरा: हे खरे आहे. चहा मात्र दिवसातून सात वेळा पितात, तो यांनी लिहायला सांगितला नाही.)

२. सर्जनबाईंनी मला विचारले, "काका, काम काय करता?" मी सांगितले. त्यांचा चेहरा एकदम खुलला. औषधाच्या चिठ्ठीच्या मागे चित्र काढत त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला समजवायला मला दोन मिनिटं पुरतील. तुमचं लिव्हर म्हणजे शुद्धीकरण केंद्र. आतड्यांकडून येणारं सगळं रक्त एका मोठ्या शिरेतून तिथे गाळायला जातं. आता केंद्रच तुंबलंय. मागे दाब वाढलाय. रक्ताला पुढे जायला वाट नाही, म्हणून ते अन्ननलिकेतल्या बारीक शिरांमधून घुसतंय."

मी म्हणालो, म्हणजे शेवटच्या टोकाची अर्ध्या इंची लाइन मुख्य लाइनचा दाब घेते आहे. ती आधी फुगणार, मग फुटणार. बाई पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्ही ऑपरेशनला मदतीलाच या."

महोदय, त्या क्षणी मला फार बरे वाटले. घरी बसून आजाराचे नाव ऐकले तेव्हा माझ्या तोंडचे पाणी पळाले होते, जे माझ्या हुद्द्याला शोभत नाही. परंतु दाब, फुगवटा आणि गळती हे माझे रोजचे शब्द आहेत. आपल्या पोटातला बिघाड आपल्याच खात्याचा निघाला, तर माणसाला धीर येतो.

३. पहिल्यांदा शिरा फुटल्या तेव्हा मी सकाळी सातला टाकीवरून येऊन घरी चहा पीत होतो. घशाशी काहीतरी कोमट आले. मोरीत जाऊन पाहतो तो सगळे लाल. अर्जात भीतीचा रकाना नसतो, तरी मला भीती वाटली असे लिहितो. पत्नी शिवणाचे मशीन सोडून धावली, तिच्या तोंडात टाचण्या होत्या आणि तशाच टाचण्या दातांत धरून ती शेजाऱ्यांना हाका मारत होती. कोणालाही एक शब्द कळला नाही, पण सगळे आले.

त्या वेळी डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून फुगलेल्या शिरांना रबरी कड्या बसवल्या आणि दाब कमी करण्याच्या गोळ्या दिल्या. सहा महिन्यांनी शिरा पुन्हा फुटल्या, पुन्हा कड्या. या वेळी सर्जनबाई म्हणाल्या की, आता कड्यांवर भागवण्यात अर्थ नाही, मागचा दाबच कमी केला पाहिजे. मानेतून तार घालून लिव्हरमध्ये जाळी बसवण्याची सोय या रुग्णालयात नाही. तेव्हा पोट उघडून शिरेला शीर जोडायची, म्हणजे शंट करायचा. सोप्या भाषेत वळणजोडणी.

४. यावर मी बाईंना एक तांत्रिक हरकत घेतली. सगळे रक्त जर केंद्राला वळसा घालून पुढे सोडले, तर दाब उतरेल हे कबूल, पण न गाळलेला माल थेट वरच्या झोनमध्ये जाईल. वरचा झोन म्हणजे डोके. मी एकतीस वर्षांत न गाळलेले पाणी गावात कधी सोडले नाही, मग स्वतःच्या डोक्यात कसे सोडू? बाई म्हणाल्या, हरकत अगदी रास्त आहे. पूर्ण वळण दिले तर काही रुग्णांना झापड येते, भ्रम होतो, बायकोला बहीण म्हणतात. म्हणून त्या दुसरी पद्धत वापरणार आहेत. मुख्य लाइन केंद्राकडे चालूच ठेवायची. फक्त प्लीहेची शीर मोठ्या लाइनवरून सोडवून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जोडायची. म्हणजे वरच्या भागातील फुगलेल्या शिरांचा दाब त्या डाव्या वाटेने उतरतो आणि गाळण्याचे कामही चालू राहते. भ्रमाचा धोका त्यातही असतो, पण कमी. लिव्हर मात्र यामुळे नवे होत नाही, हेही त्यांनी मला तोंडावर सांगितले. शंटने फक्त गळती टळते. मला तेवढे पुरेसे आहे. जुने केंद्रही नीट चालवले तर बरीच वर्षे चालते, हे आपल्यापुढे मी काय सांगावे.

(लेखनिकेचा शेरा: भ्रमाचे मला विशेष वाटत नाही. यांना सगळ्या फाइलींचे नंबर पाठ आहेत आणि स्वतःचा चष्मा स्वतःच्या कपाळावर आहे हे कळत नाही. त्यात अजून किती फरक पडणार?)

५. आता चुकीबद्दल. कर्मचारी रुग्णालयात मोठी शस्त्रक्रिया करायची तर आपल्या विभागाचे मंजुरीपत्र लागते. त्यासाठी मी अर्ज केला. तो असा:

'मुख्य वाहिनीत दाब वाढल्याने वरच्या भागातील बारीक वाहिन्या फुगल्या असून त्या दोन वेळा फुटल्या आहेत. दोन्ही वेळा रबरी कड्या घालून तात्पुरती दुरुस्ती केली आहे. कायमस्वरूपी उपाय म्हणून डाव्या बाजूने वळणजोडणी करणे निकडीचे आहे. तरी मंजुरी मिळावी.'

पत्नीने तेव्हाच सांगितले होते, "अहो, 'पोट' हा शब्द एकदा तरी घाला." मी म्हणालो, "साहेबांपुढे पोट कसं काढायचं?" कार्यालयीन पत्रात माणसाने आपले आतले अवयव उघडे करू नयेत, अशी माझी समजूत होती. ती माझ्या चांगलीच अंगाशी आली. आवक शाखेच्या कारकुनाने अर्ज वाचला, कौतुकाने मान हलवली आणि माणसांची कामे पाहणाऱ्या आस्थापना शाखेऐवजी नळांची कामे पाहणाऱ्या तांत्रिक शाखेकडे पाठवला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. फाइलला ४१७ क्रमांक पडला. सोबत रुग्णालयाचे पत्र जोडलेले होते, त्यावरून 'प्रत रुग्णालयास द्यावी' एवढेच टिपून घेतले गेले, आणि तेच पुढे नडले.

६. तांत्रिक शाखेकडून पहिले पत्र आले: वाहिनी कोणत्या धातूची, व्यास किती व साहित्य काय लागेल ते कळवावे. मला वाटले, आपला विभाग किती आस्थेने चौकशी करतो. मी सर्जनबाईंना विचारून उत्तर दिले: वाहिनी धातूची नाही, व्यास करंगळीएवढा, नवीन साहित्य काहीही लागत नाही, जागेवरचीच जुनी वाहिनी वळवून जोडायची आहे. महोदय, साहित्य लागत नाही हे वाक्य तांत्रिक शाखेने बहुधा प्रथमच वाचले असावे. फाइल इतक्या वेगाने पुढे सरकली की मला रुग्णालयात पडल्या पडल्या तिचा वारा लागला.

दुसरे पत्र: बिघाडाचे कारण कळवावे. मी लिहिले, जुनी कावीळ. त्यावर प्रयोगशाळेचा माणूस 'पिवळे पाणी येत असल्याची तक्रार' घेऊन आमच्या घरी आला. पत्नीने स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी त्याच्या बाटलीत भरून दिले. चार दिवसांनी निकाल आला, 'पिण्यास योग्य'. तो मी सर्जनबाईंना दाखवला. त्यांनी तो वाचून घडी घालून मला परत दिला आणि माझी नाडी पाहिली.

७. तिसऱ्या पत्राने घात केला. त्यात एकच ओळ होती: 'कामाचे ठिकाण व खोली कळवावी.'

मी कळवले: 'ठिकाण: डावीकडे. खोली: नऊ.'

मी ज्या खोलीत पडलो आहे तिचा क्रमांक नऊ आहे. बाई डाव्या बाजूने काम करणार आहेत. माझ्या उत्तरात एक अक्षर खोटे नाही. परंतु अर्जाच्या माथ्यावर माझ्या घरचा पत्ता होता आणि तांत्रिक शाखेला खोली म्हटले की खोल्या आठवत नाहीत, खड्डे आठवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता माझ्या घराच्या फाटकाच्या डाव्या बाजूला नऊ फूट खोल खड्डा घेण्यास सुरुवात झाली.

(लेखनिकेचा शेरा: मी बाहेर जाऊन विचारले, हे काय चाललंय? कनिष्ठ अभियंता म्हणाले, "काकू, काकांच्याच अर्जावरून. काकांची गळती काढतोय." मी म्हटलं, काका दवाखान्यात आहेत. ते म्हणाले, "असू द्यात. त्यांची गरज नाही." कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब खड्ड्यात गेला तो गेलाच. येणे-जाणे फळीवरून आहे. शिवणाची गिऱ्हाइके फाटकाबाहेर उभी राहून मापे ओरडून सांगतात, त्यामुळे सबंध गल्लीला एकमेकींच्या कमरा पाठ झाल्या आहेत.)

८. आता जे सांगतो त्यावर आपला विश्वास बसणार नाही, म्हणून छायाचित्र जोडले आहे. पाच फुटांवर खरोखरच गळती सापडली. माझ्या घरासमोर जमिनीखाली पाणी मुरते आहे, अशी तक्रार मी नऊ वर्षांपूर्वी केली होती आणि त्यानंतर अकरा स्मरणपत्रे दिली होती. एकाचेही उत्तर आले नाही. तेथे मुख्य लाइनचा दाब एका जुन्या बारीक फाट्यावर येत होता, फाटा सांध्याशी फुगला होता आणि दोन ठिकाणी फुटला होता. कोणीतरी पूर्वी त्यावर रबरी कड्याही घातल्या होत्या. म्हणजे जो आजार मला, तोच माझ्या रस्त्याला, आणि माझ्या अर्जातील एकेक शब्द त्याला लागू पडत होता. माणसांनी डाव्या बाजूने वळणजोडणी केली. मंजुरी नऊ फुटांची असल्यामुळे उरलेले चार फूटही खणले, आणि मग बुजवायची मंजुरी वेगळी लागते म्हणून खड्डा तसाच ठेवला.

कनिष्ठ अभियंता स्वतः रुग्णालयात आले. हातात फॉर्म होता. म्हणाले, "काका, तुमच्या घरासमोरचं गळणं थांबलं. नऊ वर्षांचं काम झालं. करा सही." खोटे कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. सांधा कसा बसवला ते मी खोदून खोदून विचारले. काम चोख झाले होते. मी आनंदाने सही केली. वरचा क्रमांक पाहिला नाही. क्रमांक ४१७ होता.

त्या फॉर्मवर असे छापलेले आहे: 'सदर वळणजोडणीचे काम समाधानकारक झाले असून गळती पूर्ण थांबली आहे. अर्जदाराची आता कोणतीही तक्रार नाही.' त्याची एक प्रत नियमाप्रमाणे रुग्णालयास गेली.

९. परवा सकाळी सिस्टर फुलासारख्या हसत आल्या आणि माझ्या हातात घरी सोडण्याचा कागद ठेवला. "अभिनंदन, काका. आम्हाला कळलंसुद्धा नाही, कधी झालं तुमचं?" मी म्हणालो, काय कधी झालं? त्या म्हणाल्या, शंट. मी सदरा वर करून पोट दाखवले. एकही टाका नाही. सिस्टर गोंधळल्या, पण कागद कागदच असतो.

सर्जनबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्या कार्यालयात जाऊन भांडल्या, ते आम्हाला खोली नऊपर्यंत ऐकू येत होते. "अहो, ऑपरेशन मी करणार होते! मी केलं नाही हे मला ठाऊक नाही का?" रुग्णालयाच्या कार्यालयाचे म्हणणे असे की, आपण केले नाही हे मान्य, पण दुसरीकडून करून घेतलेले दिसते. रुग्णाच्या सहीने काम पूर्ण झाले आहे. एकाच रुग्णाचे एकच काम दोनदा धरता येत नाही. पाणीपुरवठा विभागाने लेखी कळवले तरच नाव पुन्हा यादीत येईल. तोपर्यंत निदान मला खाटेवरून हलवू नये, एवढे बाईंनी पदरात पाडून घेतले. मी कागदोपत्री बरा होऊन घरी गेलो आहे आणि प्रत्यक्षात खिडकीजवळ आजारी पडून आहे. जेवणही दोन दिवस शेजारच्या खाटेवरील ड्रायव्हरच्या नावावर येते आहे. तो भला माणूस आहे, पण भूक त्यालाही असते.

१०. मी पत्नीस तांत्रिक शाखेकडे पाठवले. तेथे तिला सांगण्यात आले की, बंद झालेली फाइल उघडता येत नाही. मात्र केलेल्या कामाची तीन वर्षांची हमी आहे. या काळात पुन्हा गळती झाली, तर तक्रार नोंदवताच माणसे चोवीस तासांत येतील. महोदय, याचा सरळ अर्थ असा की, मला पुन्हा रक्ताची उलटी झाली तर ती हमीत बसेल. आपला विभाग शब्दाचा पक्का आहे, माणसे येतील, फावडी घेऊन येतील. तोवर माझ्या अंगात किती रक्त उरेल, याचा हिशेब हमीपत्रात नाही.

पुरावा म्हणून मी पोटाचे छायाचित्र पाठवले. त्यावर सिस्टरची साक्ष म्हणून सही आहे. कनिष्ठ अभियंत्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "काकू, उत्तम काम झालं की खूण राहत नाही." एकतीस वर्षांत आपल्या विभागाने खणलेला एकही रस्ता खूण न ठेवता बुजवलेला मी पाहिलेला नाही. तरी माझ्या पोटावर त्यांनी एवढा विश्वास टाकला, याबद्दल त्यांचा मी आभारी आहे.

त्यांच्यावर माझा राग नाही, हेही लिहून ठेवतो. पोरगा गुणी आहे, सांधा चोख बसवतो. आवक कारकुनावरही राग नाही. 'पोट' हा एक शब्द मी लाजेखातर गाळला, त्याचे हे सारे फळ. म्हणून या अर्जात मी तो शब्द मुद्दाम जागोजागी घातला आहे. पोट, पोट, पोट.

११. सबब माझी मागणी खालीलप्रमाणे:

(अ) फाइल ४१७ मधील काम अर्जदाराच्या फाटकाबाहेर झाले असून अर्जदाराच्या पोटात झालेले नाही, असा एका ओळीचा दाखला आपल्या सहीने मिळावा.

(ब) तो बुधवारी सायंकाळी पाचपूर्वी रुग्णालयात पोहोचावा. नंतर पोहोचल्यास तो खरा असेल, पण त्याचा उपयोग कोणाला होईल हे सांगता येत नाही.

(क) दाखल्यात 'खोली' हा शब्द कृपया वापरू नये.

(ड) खड्डा बुजवण्याचे सवडीने पाहावे. त्यावर माझा आग्रह नाही.

(लेखनिकेचा शेरा: माझा आहे.)

१२. काही सहकाऱ्यांनी मला सुचवले की, साहेबांचे निवासस्थान उंच टाकीच्या लाइनवर आहे, तेव्हा बदली ऑपरेटरला सांगून दोन दिवस तिकडची चावी आवळावी, दाखला आपोआप येईल. महोदय, मी हे करणार नाही. मी कुणावर रागावून चावी कधी फिरवलेली नाही. मेहुण्याशी चार वर्षे बोलणे बंद होते, तेव्हाही त्याच्या गल्लीत पाणी वेळेवर गेले आहे. आपल्या घरी सध्या पाणी येण्याआधी नळ खोकतो आणि भिंतीत धडधड होते, असे कानावर आले. तो माझा डाव नव्हे. बदली ऑपरेटर चावी एका दमात उघडतो, त्याचा तो परिणाम आहे. मागच्या आठवड्यात याच कारणाने खालच्या रस्त्यावर दोन सांधे उडाले.

उंच टाकीची मोठी चावी कशी फिरवायची, हे कोणत्याही पुस्तकात नाही. माझ्या आधीच्या चावीवाल्याने मला हाताला धरून शिकवले आणि ते कोणाला शिकवायचे माझे राहून गेले, कारण विभागाने हाताखाली माणूस दिला नाही. गुरुवारी सर्जनबाई माझ्या पोटात काम करतील आणि त्या कामातून काही माणसे परत येत नाहीत, हे त्यांनी मला सांगितले आहे. ऑपरेशन झाले नाही तर काय होते, हे मला न सांगता माहीत आहे. दोन्हीकडून विचार करता, ही माहिती माझ्याबरोबर जाऊ नये असे वाटते. म्हणून कर्तव्य म्हणून येथे नोंदवून देतो:

चावी एकूण ............ फेरे आहे. पहिले ............ फेरे अगदी सावकाश द्यावेत. मग हात काढून पाइपला तळवा लावावा. आत गुणगुण ऐकू येते. ती थांबेपर्यंत पुढे जाऊ नये, मग ती कितीही वेळ चालो. त्यानंतर ............ फेरे देऊन पुन्हा थांबावे. शेवटचे ............ फेरे कधीही देऊ नयेत. ते का देऊ नयेत, हे वरच्या लाइनवरील माणसांच्या जिवाशी निगडित आहे आणि त्याचे कारण असे की ............

एवढे जपले तर माझ्यामागेही आपल्या गावात पाणी शांतपणे येईल. एकतीस वर्षे मी गावाचा दाब सांभाळला. आता एका ओळीपुरता आपण माझा सांभाळावा, एवढेच मागणे आहे. दाखल्याची वाट खिडकीतून पाहत आहे. खिडकीतून आपल्या कार्यालयाचा मागचा जिना दिसतो.

आपला नम्र,
(सही, डाव्या हाताने)
चावीवाला, उंच टाकी
सोमवार, दुपारचे जेवण येण्याआधी

सोबत जोडले आहे:
१. पोटाचे छायाचित्र, समोरून. टाका नाही.
२. खड्ड्याचे छायाचित्र, वरून. तळ दिसत नाही.
३. सर्जनबाईंनी चिठ्ठीमागे काढलेले चित्र. त्यातील गोल म्हणजे लिव्हर आहे, पाण्याची टाकी नव्हे.
४. पाणी पिण्यास योग्य असल्याचा अहवाल.
५. अकरा स्मरणपत्रांच्या प्रती. काम झाल्यामुळे आता उत्तर देण्याची गरज नाही.

लेखनिकेचा अखेरचा शेरा: साहेब, सही करून यांचा डोळा लागला आहे, म्हणून हे लिहिते. कलम बाराखालच्या मोकळ्या जागा यांनी सोडलेल्या नाहीत. यांनी मला एकेक आकडा दोनदा सांगितला आणि लिहिलंस ना म्हणून विचारले. मी हो म्हटले. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली, यांच्याशी खोटे बोलायची ही पहिलीच वेळ. आकडे मला तोंडपाठ आहेत, पण मी ते लिहिणार नाही आणि कोणाला सांगणारही नाही. विभागाला हवे असतील तर ते यांच्याच तोंडून ऐकावेत. गुरुवारनंतर हे बोलण्याच्या स्थितीत असतील, एवढी व्यवस्था आपण करावी. तोपर्यंत आपल्या घरच्या नळाला खोकला राहील, त्याला माझा इलाज नाही. दाखला घ्यायला बुधवारी चार वाजता मी स्वतः येते. जिना चढून उजवीकडे.